इंग्रज मरतात कसे? मरणाच्या इंग्रजी शब्दांची बाराशे वर्षं

बोरू_बहाद्दर

मंडळी, राम राम.

इंग्रजीत मरणाचा सगळ्यात उघडावाघडा शब्द म्हणजे ‘डाय’. इतका आखूड आणि रोखठोक, की इंग्रज लोक बेटावर उतरले तेव्हा तो बरोबर घेऊनच आले असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो पाहुणा आहे. इ. स. ११०० च्या आधीच्या, म्हणजे ज्याला जुनी इंग्रजी म्हणतात त्या लिखाणात ‘डेथ’ आहे, ‘डेड’ आहे, पण ‘डाय’ हे क्रियापद सापडत नाही. बाराव्या शतकाच्या सुमारास ते डोकं वर काढतं आणि बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ नॉर्स भाषेतल्या ‘देय्या’मध्ये शोधतात. व्हायकिंग लुटायला आले, मग ईशान्य इंग्लंडात जमिनी धरून बसले, नांगर धरला, सोयरिकी केल्या आणि शेजाऱ्यांना मरणाचं क्रियापद देऊन गेले. आधी इतकी माणसं मारल्यावर शब्दही त्यांनीच पुरवला, हे रीतीला धरूनच झालं.

मग त्याआधी इंग्रज मरत नव्हते की काय? मरत होते, वेगळ्या क्रियापदांनी. एक होतं ‘स्टेओर्फन’, जर्मन ‘श्टेर्बन’चं सख्खं भावंड. तेच आजचं ‘स्टार्व्ह’. चौदाव्या शतकात चॉसर या कवीची माणसं प्रेमाने, तलवारीने, दुखण्याने खुशाल ‘स्टार्व्ह’ होतात, भुकेचा काही संबंध नसतो. दुसरं ‘स्वेल्टन’. त्याचा वंशज ‘स्वेल्टर’, म्हणजे उकाड्याने जीव जाणं. लंडनला जुलैत पारा तिशीच्या वर गेला की पेपरांच्या मथळ्यात हा शब्द हटकून येतो, आणि त्यात एक मेलेलं क्रियापद आहे हे कुणाच्या गावी नसतं.

खरी गंमत पुढे आहे. राजे आणि बिशप यांना ही क्रियापदं सहसा लावत नसत. अँग्लो-सॅक्सन बखरीत (‘क्रॉनिकल’ला मी बखरच म्हणणार) त्यांच्यासाठी ठरलेला शब्द ‘फोर्थफेर्दे’, म्हणजे ‘पुढे निघाला’. आल्फ्रेड राजा ८९९ साली वारला, त्याची नोंद ‘गेफोर’ या क्रियापदाने आहे. शब्दशः ‘गेला’. ७३५ मध्ये जॅरोच्या मठात बीड हा विद्वान साधू मरणाला टेकला असताना त्याच्या तोंडच्या म्हणून पाच ओळी सांगितल्या जातात, त्यात मरणाला ‘नीडफेरे’ म्हटलंय, म्हणजे जो चुकवता येत नाही असा प्रवास.

तेव्हा ‘पूर्वीचे लोक रोखठोक होते, आता सगळे गुळमुळीत बोलतात’ हे जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. इंग्रजी लिहिली जाऊ लागली तेव्हापासून मरणावर पांघरूण आहे. बदलतं ते पांघरूण घालणारा. माझं म्हणणं थोडक्यात असं: मढं ज्याच्या ताब्यात, शब्द त्याचा. आधी मठातला साधू, मग फ्रान्सहून आलेले नॉर्मन वकील आणि पाद्री (‘निधन’ या अर्थाचा ‘डिसीज’, ‘पेरिश’, ‘मॉर्टल’, ‘कॉर्प्स’ ही सगळी फ्रेंच-लॅटिन आयात), मग दफनाचा कंत्राटदार, आणि आता डॉक्टर.

एक नमुना देतो आणि थांबतो. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात १५४९ साली लग्नाच्या शपथेत होतं, ‘टिल डेथ अस डिपार्ट’. तेव्हा ‘डिपार्ट’चा अर्थ ‘ताटातूट करणे’ असा होता. पुढे शंभर वर्षांत हा अर्थ विरला आणि ‘निघून जाणे’ एवढाच उरला. वाक्य लंगडं पडलं, म्हणून १६६२ च्या आवृत्तीत ‘टिल डेथ अस डू पार्ट’ असं केलं. एका अक्षरसमूहाचा सांधा उसवून ‘डी’चा ‘डू’ केला आणि शपथ वाचवली. तोवर ‘डिपार्टेड’ मात्र थडग्यांवर जाऊन बसला होता.

भर घाला, खोडून काढा. मराठी शब्दांसाठी वेगळा धागा काढू, इथे ‘कैलासवासी’ आणि ‘देवाज्ञा’ नकोत, नाहीतर गाडी तिकडेच वळेल.

---

निळी_शाई

मस्त धागा. पण ‘स्टार्व्ह’ मरणावरून भुकेवर कसा आला?

---

बोरू_बहाद्दर

@निळी_शाई, ‘डाय’ आल्यावर एकाच कामाला दोन गडी झाले. मग ‘स्टार्व्ह’ला कारण जोडून बोलायची पद्धत पडली, ‘थंडीने स्टार्व्ह’, ‘भुकेने स्टार्व्ह’. हळूहळू कारण शब्दातच मुरलं. सोळाव्या शतकापासून दक्षिणेकडे भूकच जिंकत गेली.

---

लीड्सची_मावशी

दक्षिणेकडे, बरोबर. आमच्या यॉर्कशरमध्ये थंडीनेही मैदान सोडलेलं नाही. पलीकडच्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. दार नीट लागलं नाही की आतून ओरडतात, ‘आय’म स्टार्व्ड!’ म्हणजे गारठले मेले. त्यांची सून लंडनकडची. ती पहिल्यांदा सासरी आली तेव्हा हे ऐकून धावत जाऊन चीज सँडविच करून आणलं. आजींनी ते खाल्लं आणि मग सांगितलं, ‘आता दार लाव.’

अजून एक. ‘स्टार्वेशन’ हा शब्द त्या काळच्या कानाला फार विचित्र वाटला होता, कारण अस्सल देशी क्रियापदाला लॅटिन शेपूट. १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींची नाकेबंदी करण्याच्या चर्चेत हेन्री डंडास यांनी तो पार्लमेंटात वापरला म्हणतात, आणि त्यांना ‘स्टार्वेशन डंडास’ हे नाव कायमचं चिकटलं. लोकांना उपाशी मारण्याचा बेत खपला असता, व्याकरण नाही खपलं.

---

अर्धा_कप

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). वाचतोय.

---

वकीलणबाई

बोरूभाऊ, वकिलांना एका कंसात उरकलंत, त्याबद्दल निषेध. मरणाच्या इंग्रजीत आमच्या जमातीने जेवढं घर केलंय तेवढं पाद्र्यांनीही नाही.

‘डिमाइज’ घ्या. आपल्याकडे पेपरात ‘सॅड डिमाइज’ म्हणून छापतात तो. मुळात हा मरणाचा शब्दच नव्हे. फ्रेंचमधून आला, अर्थ मालमत्ता किंवा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवणे. राजा मेला की मुकुट त्या क्षणी वारसाकडे जातो, त्या हस्तांतरणाला ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत. लोकांनी मुकुट विसरून मरण तेवढं लक्षात ठेवलं. जुना अर्थ आजही मुंबईच्या भाडेपट्ट्यांत जिवंत आहे. लीज डीडमध्ये जागेला ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणतात. एका अशिलाने मसुदा वाचून मला फोन केला होता, ‘मॅडम, या फ्लॅटमध्ये कुणी गेलंय का? आधी सांगायचं ना.’ मी त्यांना अर्थ समजावला. त्यांनी तरी वास्तुशांत करून घेतली.

आता ‘मर्डर’. जुन्या इंग्रजीतलं ‘मोर्थोर’, त्यात गुपचूप, लपवून केलेल्या हत्येची छटा. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा जिंकलेली प्रजा अंधारात त्यांचे गडी टिपत होती. त्यावर तोडगा म्हणून ‘मुर्द्रुम’ नावाचा दंड आला. नॉर्मन माणूस मारलेला सापडला आणि मारेकरी हजर केला नाही, तर त्या टापूतल्या सगळ्या लोकांवर दंड. तो चुकवायचा तर मेलेला माणूस इंग्रज होता हे सिद्ध करायचं. म्हणजे मढ्याची जात विचारून दंड ठरवायचा. ही भानगड १३४० पर्यंत कायद्यात होती.

आणि माझं सगळ्यात लाडकं, ‘डिओडँड’. देवाला द्यायची वस्तू. ज्या वस्तूने माणसाचा जीव गेला, म्हणजे गाडीचं चाक, बैल, कोसळलेला ओंडका, ती किंवा तिची किंमत राजाने जप्त करायची. शतकानुशतकं हे चाललं, कारण बैलाची किंमत ती किती! मग आली आगगाडी. १८४१ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्नची गाडी सॉनिंगजवळ दरड पडून घसरली, माणसं गेली, आणि पंचांनी इंजिन व डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला. रेल्वे कंपन्यांचे धाबे दणाणले. पाच वर्षांत, १८४६ मध्ये, डिओडँडच रद्द झाला आणि त्याच साली ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’ आला, म्हणजे पैसे राजाला नाहीत, मेलेल्याच्या घरच्यांना. आपल्याकडे याच धर्तीचा कायदा १८५५ चा आहे.

आता बघा, ‘देवाला दिलेलं’ जाऊन ‘फेटल’ आलं. फेटल म्हणजे दैवात लिहिलेलं. देव हटला, दैव राहिलं, नुकसानभरपाई मात्र कंपनीकडून.

---

अर्धा_कप

वकीलणबाई, ‘मॉर्गेज’ राहिलं. त्यातला ‘मॉर’ म्हणजे मेलेला ना? दर महिन्याच्या पाच तारखेला मला तसं जाणवतं.

---

वकीलणबाई

हो, ‘मेलेलं तारण’. एडवर्ड कोक या कायदेपंडितांनी सतराव्या शतकात फोड केलीय: कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फेडलं तर तारण सावकाराला मेलं. कुणीतरी मरायलाच हवं. हलके घ्या.

---

स्टेथो_गळ्यात

धाग्याचं मुख्य विधान पटलं. पण डॉक्टर फार उशिरा आले, आमच्या आधी म्हाताऱ्या बायका होत्या.

लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघायची, ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’. कोण कशाने मेलं हे ठरवायला प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, ‘सर्चर’ नेमलेल्या असत. या बहुधा गरीब म्हाताऱ्या. प्रेत बघायचं, घरच्यांना विचारायचं, कारण सांगायचं, दर प्रेतामागे फी घ्यायची. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्या चाळून पुस्तक लिहिलं, लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. त्याने स्पष्ट लिहिलंय की पेलाभर एल (बिअर) पोटात गेली आणि ग्रोट नावाच्या एका नाण्याऐवजी दोन हातावर पडली, की या बायांना क्षयाने झिजलेला कोण आणि गुप्तरोगाने झिजलेला कोण यातला फरक दिसत नाही. मॅनेज केलेलं डेथ सर्टिफिकेट, दुसरं काय.

आणि कारणं तरी काय! १६३२ च्या यादीत ‘प्लॅनेट’ने १३ गेले, म्हणजे ग्रह आडवा येऊन झटक्यात आटोपलेले. ‘टीथ’ ४७०, ही दात येण्याच्या वयातली बाळं. ‘ग्रीफ’ म्हणजे दुःखाने ११. ‘रायझिंग ऑफ द लाइट्स’ने ९८. लाइट्स म्हणजे दिवे नव्हेत, फुप्फुसं, वजनाला हलकी म्हणून. खाटीक लोक अजून तसंच म्हणतात. ती वर चढली की श्वास कोंडतो असा समज. १६६५ म्हणजे मोठ्या प्लेगचं वर्ष. एकूण ९७,३०६ दफनं, त्यातली ६८,५९६ प्लेगच्या खात्यावर. त्या गदारोळातही कुणीतरी बसून ‘फ्रायटेड’, भीतीने, २३ आणि ‘ग्रीफ’ ४६ अशी वेगळी नोंद केली.

१८३७ पासून इंग्लंडात मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार यांनी या शब्दांची झाडलोट केली. ‘अचानक’, ‘देवाच्या भेटीने’ असली कारणं त्यांना नको होती, प्रत्येक मरणाला एका रोगाचं नाव हवं होतं. आज आम्ही भरतो तो फॉर्म त्याच वळणाचा. त्यात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहू नका असं आम्हाला पढवतात, कारण हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच तर मरणं. तरी रात्री तीनला दमलेला रेसिडेंट तेच लिहितो. लॅटिनच्या कोटातलं ‘अचानक’च ते.

जाता जाता: १६६५ च्या यादीत ‘एज्ड’ आहेच. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांचं मृत्यूचं प्रमाणपत्र जाहीर झालं, कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘ओल्ड एज’.

---

निळी_शाई

डॉक्टर, दंडवत! आणि ते ‘एक्स्पायर’चं काय? आमच्याकडे हॉस्पिटलमधून फोन येतो तो ‘पेशंट एक्स्पायर झाले’ असाच. इंग्लंडात असं म्हणतात का?

---

स्टेथो_गळ्यात

आता नाही. तिथे पासपोर्ट एक्स्पायर होतो, दह्याचा डबा एक्स्पायर होतो. पण हा शब्द आपण बिघडवलेला नाही. लॅटिनमध्ये ‘श्वास बाहेर सोडणे’, आणि शेवटचा श्वास सोडला या अर्थी इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून होता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश वृत्तपत्रांत ‘ही एक्स्पायर्ड’ सर्रास दिसतं. आपल्याला तो त्या पिढीच्या साहेबाकडून मिळाला, त्याच्या नातवंडांनी टाकला, आपण वॉर्डात जपला. मला विचाराल तर बरं केलं. कॉरिडॉरमध्ये उभ्या मुलाला ‘वडील वारले’ म्हणायला परक्या डॉक्टरची जीभ रेटत नाही, ‘मेले’ तर नाहीच नाही. ‘एक्स्पायर झाले’ म्हटलं की दोघांनाही क्षणभर आडोसा मिळतो.

---

परखड_पाटील

सगळे एकमेकांची पाठ थोपटताय म्हणून मुद्दाम लिहितो. ‘मढं ज्याच्या ताब्यात, शब्द त्याचा’ हे दिसायला छान आहे, पण अर्धंच खरं. ज्यांच्या ताब्यात काहीच नव्हतं त्यांचे शब्द कुठे गेले?

फ्रान्सिस ग्रोस नावाच्या लठ्ठ, खुशालचेंडू माणसाने १७८५ मध्ये लंडनच्या हलकट भाषेचा कोश छापला. ‘किक द बकेट’ त्यात आहे. फाशी जाण्याला ‘डान्स अपॉन नथिंग’, हवेवर नाच. ‘पॅडिंग्टन फ्रिस्क’, पॅडिंग्टनची बागड, कारण टायबर्नचा वधस्तंभ त्या बाजूला. कोश निघाला त्याच्या दोनच वर्षं आधी, १७८३ मध्ये, टायबर्नची फाशी बंद झाली होती. शब्द मात्र दारूच्या गुत्त्यांत चालू. हे पाद्र्याचे? वकिलाचे? हे त्या दोराखाली उभ्या गर्दीचे शब्द.

सैनिकांचंही तसंच. पहिल्या महायुद्धात खंदकातला टॉमी, म्हणजे साधा ब्रिटिश शिपाई, ‘गॉन वेस्ट’ (पश्चिमेला गेला) म्हणायचा, ‘पुशिंग अप डेझीज’ म्हणायचा. वरून येणाऱ्या पत्रात मात्र ‘फॉलन’. घोड्यावरून पडल्यासारखं. तोफेने चिंधड्या झालेल्या पोराला ‘पडला’ म्हणणारा जनरल आणि ‘डेझीची फुलं वर ढकलतोय’ म्हणणारा त्याचा सोबती, यातला कोण जास्त खरं बोलतोय?

---

शिळोप्याचा_गडी

पाटलांना +१. ‘किक द बकेट’चं: बादलीवर उभं राहून गळफास, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण पूर्व इंग्लंडच्या बोलीत ‘बकेट’ म्हणजे आडवी तुळई. कापलेलं डुक्कर पाय बांधून तिला उलटं टांगत आणि ते आचके देताना तुळईला लाथा बसत. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागात ‘बकेट’ तुळईसारख्या अर्थाने आलेला आहे. मला डुकरवालं जास्त पटतं, खेड्यातून आलेला शब्द वाटतो.

---

बोरू_बहाद्दर

@परखड_पाटील, मुद्दा बिनतोड. म्हणून विधानाला पुस्ती जोडतो: ज्याच्या ताब्यात मढं तो *कागदावरचा* शब्द ठरवतो. तोंडातला शब्द ठरवतात ते ज्यांची पाळी पुढची आहे ते. आणि तोंडातले बरेचसे कागदावर आले ते ग्रोससारखा एखादा गुत्त्यात वही घेऊन बसला म्हणून.

---

वसईचा_पावलू

पाद्र्यांबद्दल मला बोलू द्या, घरचा विषय आहे.

आमच्या कॅथलिकांकडे माणूस गेल्यावर महिन्याने मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते आणि इंग्रजी सूचनेत तिला ‘मंथ्स माइंड’ म्हणतात. मुंबई-गोव्याच्या पेपरांतल्या छोट्या जाहिरातींत हा शब्द रोज दिसेल. लहानपणी वाटायचं की हे ‘महिन्याचं मन’ काय प्रकरण आहे. इथला ‘माइंड’ म्हणजे आठवण, जुना अर्थ. मध्ययुगीन इंग्लंडात हा घरोघरचा शब्द होता. मृत्युपत्रातच लिहून ठेवत, माझ्या मंथ्स माइंडला इतक्या मेणबत्त्या, गरिबांना इतकं जेवण.

मग सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली. मेलेल्यासाठी प्रार्थना करून काही फरक पडतो हे तत्त्वच नाकारलं. १५४७ मध्ये मृतांसाठी मिस्सा म्हणणारी देणगी-प्रार्थनागृहं, म्हणजे ‘चँट्री’, कायद्याने मोडून मालमत्ता राजाने घेतली. त्याबरोबर शब्दांची अख्खी आळी ओस पडली. ‘ऑबिट’ म्हणजे वर्षश्राद्धाची मिस्सा, ती गेली. ‘डर्ज’ हा मृतांच्या प्रार्थनेतल्या एका लॅटिन चरणाचा पहिला शब्द, ‘दिरिगे’, म्हणजे ‘मार्ग दाखव’. प्रार्थना बंद झाली आणि शब्द नुसता ‘रडगाणं’ म्हणून उरला. ‘मंथ्स माइंड’ इंग्लंडातल्या बहुतेकांच्या तोंडून गेला, पण कॅथलिकांमध्ये राहिला. आयर्लंडमध्ये आहे, वसईत आहे. बोरूदादा, तुमच्या भाषेत सांगायचं तर ताबा गेला तरी शब्द सोडला नाही.

---

निळी_शाई

पावलू, फार छान. आम्ही मासिक श्राद्ध म्हणतो ते हेच की!

---

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. कंत्राटदार मंडळींचा मुद्दा धाग्यात नुसता टेकून गेलाय, आणि खरा धंदा इथे अमेरिकेत झालाय.

‘अंडरटेकर’ म्हणजे मुळात कुठलंही काम अंगावर घेणारा. सतराव्या शतकाच्या शेवटाला लंडनमध्ये दफनाची कामं अंगावर घेणारे निघाले आणि त्यांनी शब्द असा काही बळकावला की बाकीच्यांनी सोडूनच दिला. पुढे त्यालाही कुबट वास यायला लागला. अमेरिकेत यादवी युद्धात प्रेतांना मसाला भरून रेल्वेने घरी पाठवायची पद्धत पडली आणि हा धंदा सुतारकामातून उठून शास्त्राच्या पंक्तीला जाऊ पाहू लागला. १८९५ मध्ये त्यांच्या एका धंदेवाईक मासिकात नवा शब्द सुचवला गेला, ‘मॉर्टिशियन’. ‘फिजिशियन’च्या चालीवर. फिजिशियनच्या हातून सुटलेलं गिऱ्हाईक मॉर्टिशियनकडे, यमकासकट.

‘कॉफिन’चंही तेच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘कास्केट’ आलं. कास्केट म्हणजे दागिन्यांची पेटी. कॉफिन खांद्याशी रुंद, पायाशी निमुळतं, आत माणूस आहे हे बाहेरून कळायचं. कास्केट सरळ चौकोनी, आत काहीही असू शकतं. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी १८६३ मध्येच या शब्दावर दात-ओठ खाल्ले होते. उपयोग शून्य. शब्द राहिला आणि पेटीला पितळी कड्या, सॅटिनचं अस्तर, गादी असं सगळं लागत गेलं.

---

अर्धा_कप

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना विचारा. आमच्यासाठी अंडरटेकर म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांच्या पत्त्यांतला. धंदा विचारायची गरजच पडली नाही.

---

शिळोप्याचा_गडी

कॉफिन म्हणजे आधी टोपली, ग्रीक ‘कोफिनोस’. मधल्या काळात ‘पाय’ (आत मांस वगैरे भरून भाजतात तो इंग्रजी पदार्थ) याच्या जाड कणकेच्या कवचालाही कॉफिन म्हणत. शेक्सपिअरने ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये याचा असा वापर केलाय की जेवताना सांगू नये: टायटस शत्रूच्या पोरांना मारून, कणकेचं ‘कॉफिन’ करून, त्यांचा तो ‘पाय’ त्यांच्याच आईला वाढतो.

---

लीड्सची_मावशी

तुम्ही डॉक्टरांना फार साधं समजताय. पाचव्या जॉर्जचा किस्सा सांगते.

२० जानेवारी १९३६, सँड्रिंगहॅम. राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी रात्री निवेदन लिहिलं: राजाचं जीवन शांतपणे समाप्तीकडे चाललं आहे. रेडिओवरून ते सगळ्या साम्राज्याने ऐकलं. ‘मरतोय’ हा शब्द न वापरता मरण जाहीर करण्याचा तो कळस. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉसन यांच्या टिपणातून उघड झालं की त्या रात्री त्यांनी स्वतः राजाला मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं देऊन शेवट जवळ आणला होता. एक कारण असंही लिहून ठेवलंय की बातमी संध्याकाळच्या हलक्या पेपरांत न येता सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी. ‘शांतपणे चाललं आहे’ म्हणे! ढकलत होते.

‘युथनेशिया’चा प्रवासही असाच. सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ नुसता ‘सुखाचं मरण’, जे देवाकडे मागावं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते देवाऐवजी डॉक्टरकडे मागायची गोष्ट झाली.

---

वकीलणबाई

मावशी, यालाच जोडून एक नाजूक शब्द. ‘सुइसाइड’ इंग्रजीत जुना नाही, सतराव्या शतकाच्या मध्याचा. त्याआधी ‘सेल्फ-मर्डर’, किंवा हॅम्लेट म्हणतो तसं ‘सेल्फ-स्लॉटर’. कायद्यात ‘फेलो डी से’, स्वतःचाच गुन्हेगार, मालमत्ता जप्त. त्या मानाने ‘सुइसाइड’ हे लॅटिन नाव थंड डोक्याचं होतं. पण मागे लागलेलं ‘कमिट’ गुन्ह्याचं राहिलं, चोरी कमिट करतात तसं. इंग्लंडात १९६१ मध्ये तो गुन्हा उरला नाही. आता तिथली वृत्तपत्रं ‘कमिट’ टाळतात, ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहितात. हा गुळमुळीतपणा नाही, कायदा बदलला तर क्रियापदही बदललं पाहिजे.

---

परखड_पाटील

हे मान्य. पण ‘पास्ड’चं काय करायचं? ‘पास्ड अवे’ निदान जुनं आहे, मध्ययुगापासूनचं. आता नुसतं ‘ही पास्ड’. अरे, परीक्षा पास झाला का?

---

अटलांटिकपार

इथे सगळे तेच म्हणतात. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘डाइड’ लिहिलं तर लोक दचकतात. आणि ‘गिव्ह अप द घोस्ट’, जे १६११ च्या बायबलात खुद्द येशूच्या मरणाला वापरलंय, ते आता आमच्या वॉशिंग मशीनला वापरतात.

---

स्टेथो_गळ्यात

आम्ही उलट्या दिशेने चाललोय. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना नातेवाइकांशी बोलताना ‘डाइड’ हाच शब्द वापरा असं शिकवतात. ‘आपण त्यांना गमावलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं वॉर्ड बदलला. ‘पास्ड’ म्हटलं की कुठून कुठे, ते कळत नाही.

आणि आता तर नुसतं ‘डाइड’ही पुरत नाही. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची व्याख्या मांडली, आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू मान्य केला. आयसीयूत मी सांगतो, ब्रेन-डेड आहेत. मुलगा मॉनिटरकडे बोट दाखवतो, ‘डॉक्टर, ठोके चालू आहेत. छाती हलतेय. मग गेले कसे?’ आणि मागून सिस्टर म्हणते, ‘लाइफ सपोर्टवर आहेत.’ मेलेल्याला लाइफ सपोर्ट! हे दोन शब्द एका खोलीत नांदत नाहीत. व्हेंटिलेटर एवढंच म्हणा असं मी स्टाफला सांगून दमलो.

---

वकीलणबाई

डॉक्टर, कायद्यालाही वेळ लागतो यात. वारसाहक्क, विमा, सगळं ‘मृत्यूची वेळ’ या एका रकान्यावर टांगलेलं असतं, आणि तो रकाना तुम्ही भरता.

---

लीड्सची_मावशी

मागे राहिलेल्यांचाही शब्द बघा की कुणीतरी. इथे एचआरच्या फॉर्मवर ‘बिरीव्हमेंट लीव्ह’ असतं. ते ‘बिरीव्ह’ कुठून आलं?

---

बोरू_बहाद्दर

@लीड्सची_मावशी, जुन्या इंग्रजीतलं ‘बेरेआफियन’. अर्थ लुटणे, हिसकावून घेणे. ‘रॉब’शी नातं आहे त्याचं. आधी सोनंनाणं, गुरंढोरं, राज्य, काहीही हिसकावलं जायचं. सतराव्या शतकापासून हळूहळू ते मरणाने नेलेल्या माणसापुरतं राहिलं. एचआरच्या सगळ्या फॉर्मांत लुटल्याची रजा मिळते ती हीच एक.

---

अर्धा_कप

आमच्या कंपनीत त्यालाही पुरावा जोडावा लागतो.